पन्नास ओहमची टोपी

वाशीच्या मसाला मार्केटात, मिरचीच्या गोणींमागून
काळी जाड केबल जायची. सात टेबलं, एकच दोरी,
आणि दोन्ही टोकांना एकेक टोपी,
पन्नास ओहमची, अंगठ्याच्या पेराएवढी.
मोरेश्वर मढवी म्हणाला, ही टोपी सिग्नल गिळते.
नाहीतर तो टोकाला आपटून मागे फिरतो
आणि स्वतःचाच आवाज ऐकून सगळे बावचळतात.

एकदा झाडू लागला, टोपी निघाली.
सातही टेबलं आंधळी.
मी एकोणीस वर्षांचा, शिंकत, रांगत ती शोधत होतो
आणि वरून शेठ ओरडत होता,
'एकाचं निघालं तर सगळ्यांचं का बंद?'
मढवी म्हणाला, 'दोरी तुटल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांना विचारा, शेठ.'

महाप्यात आम्ही कपाटात स्विच बसवला.
प्रत्येक टेबलाला स्वतःची वायर, एकाचं दुखणं एकापुरतं.
मी खूश. मढवी कपाटाकडे बघत राहिला.
'आणि कपाटच आजारी पडलं तर?'
श्रावणात एसीचं पाणी ठिबकलं,
नेमकं तिथेच.

रबाळ्याच्या रात्रपाळीत शेवंताबाईंना
एक वायर लोंबकळताना दिसली.
त्यांनी नीटनेटकेपणाने तिचं टोक शेजारच्या रिकाम्या भोकात खोचलं.
दोन्ही टोकं आता एकाच स्विचमध्ये.
'हा पत्ता कोणाचा?' कुठल्याशा मशीनने विचारलं
आणि तो प्रश्न गोल फिरत, दुप्पट होत,
स्वतःलाच विचारत सुटला.
सगळे हिरवे दिवे एकदम पिसाळले.
तीनशे माणसं हात बांधून बसली.
अहवालात मी लिहिलं: कारण अज्ञात.

गोल मी एकदाच पाहिला, शहाण्यासारखा चालणारा,
ऐरोलीत एका बँकेच्या तळघरात.
आईच्या भिशीसारखा: आपली पाळी आली की बोलायचं,
तोवर गप्प, पुढच्याकडे टोकन सरकवायचं.
कोणी कोणावर आदळत नाही.
इतकी सभ्य वायर मी नंतर पाहिली नाही.
आम्ही ती उपटायलाच गेलो होतो.
किलोवर विकली.

बावीस वर्षं आम्ही नऊ जण
अडलं की मढवीलाच फोन करायचो.
गावंडची युक्ती तो मला सांगायचा,
माझी चूक गावंडला.
गावंड कसा दिसतो, मला ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यात, घणसोलीला, जेवता जेवता
मढवीची वाचा गेली.
डॉक्टर म्हणाले, डोक्यात एक वाट बुजली आहे,
आजूबाजूच्या वाटा हळूहळू ते काम शिकतील.
शिकतील कदाचित.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये नऊ जण अवघडून उभे.
मग गावंडने नंबर मागितला. मग चेउलकरने.
थोड्या वेळाने सगळ्यांकडे सगळे होते.
सवयीने मी हिशेब केला: नऊ माणसं, छत्तीस वाटा.
छत्तीसचा आकडा म्हणजे पाठीला पाठ, असं शाळेत शिकलो होतो.
इथे तीन आणि सहा एकमेकांचे चार्जर शोधत होते.
फोन मात्र अजून मढवीचाच लागतो, पहिला.
त्याची सून उचलते.

आत तो जागा होता.
अंगठा आणि तर्जनी हवेत पाव फेरा फिरवायची,
पुन्हा पाव फेरा.
पाणी हवंय का, सुनेने विचारलं. दार लावू का?
माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक जुनी टोपी आहे.
मी ती सोडवून त्याच्या तळहातावर ठेवली.
त्याने बराच वेळ ती चाचपली,
नाकाशी नेली.

'मिरची,' तो म्हणाला.

नर्सने ते कागदावर लिहून घेतलं.